लाकडी विमानांवरचे हैदराबाद

लाकडी विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जत्रेतले खेळणे येते. खाली चार चाके, नाकावर फिरणारा पंखा आणि भडक तांबडा रंग. आज ज्या विमानांविषयी बोलायचे आहे, ती याहून वेगळी. दोन महायुद्धांत वापरल्या गेलेल्या लढाऊ विमानांच्या या हुबेहूब लाकडी प्रतिकृती. जगभर अनेक लोक त्या हौसेने जमवतात. कुणी स्वतः कोरतात, कुणी कारागिरांकडून करवून घेतात. फिलिपिन्समध्ये तर महॉगनीच्या लाकडातून अशी विमाने घडवण्याचा एक धंदाच उभा राहिला आहे. पंखांवरची वर्तुळे, शेपटीचा रंग, अंगावरची अक्षरे, सारे मूळ विमानासारखे हवे, असा या संग्राहकांचा आग्रह असतो.

आता नांदेड-लातूरच्या माणसाला याचे काय, असे कुणी विचारील. तर संबंध असा की, या छंदात जी विमाने आवडीने कोरली जातात, त्यांतल्या काहींच्या नावात ‘हैदराबाद’ हा शब्द आहे. ब्रिटनच्या हवाई दलात हैदराबादचे नाव लावणाऱ्या तीन तुकड्या, म्हणजे स्क्वाड्रन, होत्या. आणि ज्या काळात हे नाव त्यांना मिळाले, त्या काळात आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या अमलाखाली होते. लातूर हा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता; स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात मोडत. तेव्हा त्या विमानांवर हैदराबाद असे लिहिले गेले, त्यात आपलीही गावे आली. ती कशी, हे पाहण्यासारखे आहे.

आधी या छंदाची थोडी ओळख करून घेऊ. प्रतिकृतीत सर्वांत महत्त्वाचे असते ते प्रमाण. या क्षेत्रात एकास बहात्तर हे प्रमाण फार रूढ आहे. त्याचा हिशेब सोपा आहे. एक इंच म्हणजे सहा फूट. सहा फुटी उंच माणूस त्या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. इंग्लंडमध्ये १९३० नंतरच्या काळात ‘स्कायबर्ड्‌स’ नावाचे लाकडी विमानांचे संच बाजारात आले, त्यांनी हे प्रमाण लोकप्रिय केले. पुढे प्लॅस्टिकचे संच आले, पण प्रमाण तेच टिकले.

दुसऱ्या महायुद्धात या छंदाला एकदम सरकारी महत्त्व आले. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे क्षणात ओळखता आले पाहिजे. चूक झाली तर आपलेच विमान आपल्याच तोफांनी पडायचे. चित्रे पाहून ही ओळख पक्की होत नाही. वस्तू सर्व बाजूंनी फिरवून पाहावी लागते. म्हणून १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळाशाळांतल्या मुलांना आवाहन केले. पन्नास प्रकारची विमाने, प्रत्येक प्रकाराच्या दहा हजार, म्हणजे एकूण पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या. प्रमाण एकास बहात्तर आणि रंग काळा, कारण आकाशात दुरून विमानाचा रंग दिसत नाही, काळी आकृतीच दिसते. असे मॉडेल पस्तीस फुटांवरून पाहिले, तर खरे विमान साधारण पाऊण किलोमीटरवरून जसे दिसेल तसे दिसते. शाळेच्या सुतारकामाच्या तासाला मुलांनी घडवलेली ती विमाने सैनिकांच्या प्रशिक्षणात वापरली गेली. आपल्याकडेही राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेतली मुले विमानांच्या प्रतिकृती करायला शिकतात, त्यामागेही हीच दृष्टी आहे. हाताने घडवलेली वस्तू डोळ्यांना विसरू म्हणता विसरता येत नाही.

लाकडी विमान घडवण्याची रीतही आपल्या सुताराला परकी वाटणार नाही. आधी विमानाचा वरून दिसणारा आणि बाजूने दिसणारा आकार कागदावर काढायचा. तो लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवून करवतीने दोन्ही बाजूंनी कापून घ्यायचा. मग पटाशी, कानस आणि शेवटी पॉलिश पेपर. मधूनमधून पुठ्ठ्याचा साचा लावून गोलाई तपासायची. पंख वेगळे कोरून बसवायचे, फटीत लांबी भरायची, पुन्हा घासायचे आणि मग रंग. लाकूड मऊ आणि बारीक रेषांचे हवे. आपले सागवान टिकाऊ खरे, पण बारीक कोरणीला ते कठीण जाते. सावंतवाडीचे कारागीर खेळण्यांसाठी पांगारा वापरतात. नांदेडच्या शेजारच्या, आता तेलंगणात असलेल्या निर्मलची खेळणी पोणिकी नावाच्या हलक्या लाकडाची असतात. म्हणजे हैदराबाद संस्थानात लाकडाला आकार देण्याची विद्या जुनीच होती.

आणि गंमत अशी की, हैदराबादच्या नावाचे पहिले लढाऊ विमानही लाकडाचेच होते. पहिल्या महायुद्धातली विमाने म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले तागाचे कापड आणि त्यावर कापड घट्ट करणारे रोगण. सुतार आणि शिलाई करणाऱ्या बाया यांच्या हातांतून विमान तयार व्हायचे. त्यांपैकी एक होते ‘डी. एच. ९ ए’ हे दोन माणसांचे बॉम्बफेकी विमान. वैमानिक पुढे, निरीक्षक मागे. पंखांची एक जोडी वर आणि एक खाली. इंजीन अमेरिकेचे, चारशे अश्वशक्तीचे. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत सुमारे चौदा मीटर. एकास बहात्तरच्या प्रमाणात कोरले तर ते साडेएकोणीस सेंटिमीटरचे होते, म्हणजे वितीएवढे.

हे विमान सर्वांत आधी मिळाले ते ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला. साल १९१८. त्या विमानांचा खर्च हैदराबादच्या निजामाने दिला होता. मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले होते आणि महायुद्धात त्यांनी इंग्रजांना सढळ हाताने मदत केली. त्यांनी दिलेल्या विमानांच्या अंगावर, हे विमान हैदराबादच्या निजामांची भेट आहे, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर रंगवलेला होता. तुकडीलाही हैदराबादचे नाव मिळाले. पुढे तिच्या बोधचिन्हात वाघ आला. निजामांच्या पदव्यांत ब्रिटिश सरकारचा ‘एकनिष्ठ दोस्त’ ही पदवीही आली.

ही तुकडी १९१८च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधून जर्मनीवर हल्ले करू लागली आणि नोव्हेंबरमध्ये युद्ध संपले. जेमतेम दोन महिन्यांची कामगिरी. तेवढ्यात तिने सुमारे साडेदहा टन बॉम्ब टाकले. शत्रूच्या हल्ल्यांत तिची सतरा विमाने गेली आणि अपघातांत आणखी अठ्ठावीस. कापडाच्या आणि लाकडाच्या विमानाचे आयुष्य ते केवढे!

आता त्याच १९१८ साली इकडे काय चालले होते तेही पाहू. त्या वर्षी देशभर पावसाने दगा दिला. त्यातच इन्फ्लुएंझाची साथ आली. आपल्याकडे जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. गावेच्या गावे आजारी पडली. एकीकडे पीक नाही, दुसरीकडे घरात माणूस नाही. संस्थानाच्या उत्पन्नाचा मोठा भाग शेतसाऱ्याचा होता. काही मुलूख दिवाणी, म्हणजे सरकारी, तर काही सर्फ-ए-खास, म्हणजे खुद्द निजामांच्या खासगी खर्चासाठी राखून ठेवलेला. विमानांची देणगी कोणत्या थैलीतून गेली हा मुद्दा येथे गौण आहे. दोन्ही थैल्यांत पैसा यायचा तो शेतातूनच. ज्वारी, कापूस, गळिताची धान्ये पिकवणाऱ्या कुळाच्या घामातून. मन्याड, मांजरा, गोदावरीच्या काठच्या शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्याचा काही अंश फ्रान्समधल्या त्या विमानांच्या कापडात आणि लाकडात गेला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. विमानावर नाव मात्र एकाचेच रंगवले गेले.

त्यांतल्या एका विमानाची पुढची हकिकत मोठी रंजक आहे. त्याचा क्रमांक एफ १०१०. ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनीवरच्या एका हल्ल्यात ते शत्रूच्या हद्दीत उतरले. त्यातले दोघेही युद्धकैदी झाले. विमान जर्मनांनी विजयचिन्ह म्हणून ठेवून घेतले आणि पुढे ते बर्लिनच्या विमान संग्रहालयात गेले. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा तिथल्या वस्तू पूर्वेकडे हलवल्या गेल्या. अशा रीतीने ते पोलंडमध्ये पोहोचले आणि युद्धानंतर क्राकोच्या विमान संग्रहालयात राहिले. १९७७ साली लंडनच्या हवाई दल संग्रहालयाने ते परत मिळवले. मोबदल्यात त्यांनी पोलंडला एक स्पिटफायर विमान दिले. दुरुस्तीनंतर ते पुन्हा लोकांना पाहायला मिळाले. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, पोलंड आणि पुन्हा इंग्लंड असा प्रवास करून आलेले ते विमान आजही लंडनच्या संग्रहालयात उभे आहे. आपल्यापैकी कुणी कधी तिकडे गेले, तर जरूर पाहावे. त्या लाकडात आपलाही वाटा आहे.

दुसरे महायुद्ध १९३९ साली सुरू झाले आणि पुन्हा हैदराबादचे नाव विमानांवर चढले. या वेळी तुकड्या दोन. १५२ क्रमांकाची तुकडी स्पिटफायर विमानांची आणि २५३ क्रमांकाची हरिकेन विमानांची. १५२च्या बोधचिन्हावर चक्क निजामांची दस्तार, म्हणजे पगडी आहे आणि खाली ब्रीद आहे तेच, ‘एकनिष्ठ दोस्त’. २५३च्या चिन्हावर हातात भारतीय परशू धरलेला आहे. १९४० साली जर्मन विमानांनी इंग्लंडवर जो मोठा हल्ला चढवला, त्यात या दोन्ही तुकड्या लढल्या. १५२ची विमाने दक्षिण किनाऱ्यावरच्या वॉर्मवेलहून उडत आणि पोर्टलंडच्या नौदल तळाचे रक्षण करत. २५३ची विमाने लंडनच्या दक्षिणेला केनलीहून उडत. त्या दिवसांत इंग्लंडमध्ये एका स्पिटफायरची किंमत पाच हजार पौंड धरून लोकांकडून देणग्या गोळा केल्या जात. गावे, कारखाने, वसाहती आणि संस्थाने यांनी दिलेल्या विमानांवर देणाऱ्याचे नाव लिहिण्याची पद्धत होती.

संग्राहकांना स्पिटफायरचे वेड का, हे ते कोरायला बसले की कळते. त्याचा पंख लंबवर्तुळासारखा आहे. त्यात सरळ रेघ सापडत नाही. मुळाशी जाड, टोकाकडे पातळ होत जाणारा हा पंख कानशीने साधणे म्हणजे हाताची परीक्षा. एकास बहात्तरच्या प्रमाणात तो सगळा साडेपंधरा सेंटिमीटरचा. त्यावर ‘यू एम’ ही अक्षरे काढली की ते १५२ हैदराबाद तुकडीचे विमान झाले. ही तुकडी १९४३च्या अखेरीस भारतात आली आणि पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढली. तिथे तिच्या विमानांच्या अंगावर झेप घेणारा काळा बिबळ्या रंगवलेला असे. तो बिबळ्या संग्राहकांचा इतका आवडता आहे, की त्या एका चित्रासाठी हे विमान करणारे लोक आहेत. त्यांतल्या किती जणांना नांदेड-लातूरची नावे ठाऊक असतील?

लाकडाचा विषय निघालाच आहे, तर एक आणखी सांगितले पाहिजे. धातूची विमाने आल्यावरही लाकूड संपले नव्हते. याच युद्धात इंग्रजांनी ‘मॉस्किटो’ हे वेगवान विमान लाकडापासून बनवले. फर्निचर करणारे कारखाने त्या कामाला लागले. मात्र इकडच्या दमट हवेत त्यांपैकी काहींच्या पंखांचे डिंकाचे सांधे सुटले आणि १९४४ साली भारतातली ही विमाने काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. पावसाळ्यात दार फुगते हे आपल्याकडच्या सुताराला सांगावे लागत नाही.

आता या कथेचा तिसरा अंक. तो फ्रान्समध्ये किंवा इंग्लंडमध्ये घडला नाही, आपल्याच आकाशात घडला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद भारतात सामील झाले नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली मुक्तिसंग्राम चालू होता. रझाकारांचा धुमाकूळ वाढत होता. संस्थानाला शस्त्रे हवी होती आणि भारताने नाकेबंदी केली होती. तेव्हा सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने हवाई मार्गाने शस्त्रे आणण्याचे काम घेतले. हा माणूस साधा नव्हता. महायुद्धाच्या सुरुवातीला स्पिटफायरमध्ये कॅमेरे बसवून शत्रूच्या मुलखाची छायाचित्रे घेण्याची कल्पना त्यानेच पुढे रेटली होती. १९४८ साली तो ‘लँकास्ट्रियन’ विमानांतून कराचीहून रात्रीच्या वेळी शस्त्रे घेऊन यायचा. ती विमाने उतरायची त्या ठिकाणांपैकी एक होते बीदर, आपल्या उदगीरच्या शेजारचे. पुढे इंग्लंडमध्ये त्याच्यावर खटला झाला आणि त्याला दंड झाला.

लँकास्ट्रियन म्हणजे लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानाचा प्रवासी अवतार. युद्ध संपल्यावर लँकेस्टरवरच्या तोफांच्या घुमट्या काढल्या, नाक आणि शेपूट टोकदार केली, की झाले लँकास्ट्रियन. शस्त्रे उतरवलेल्या विमानाने शेवटी शस्त्रेच वाहिली. त्याचे पंख एकतीस मीटरचे. लाकडात कोरले तर त्रेचाळीस सेंटिमीटर भरतात. शेजारी ठेवलेला स्पिटफायर त्याच्यापुढे पाखरासारखा दिसतो.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. सोलापूरकडून आलेली मुख्य तुकडी नळदुर्ग घेऊन उमरग्याकडे सरकली. दुसऱ्या दिवशी उमरग्याच्या पुढे राजेश्वरच्या वाटेवर दबा धरून बसलेल्यांचा बीमोड करण्यासाठी भारतीय हवाई दलाची ‘टेंपेस्ट’ विमाने आली. टेंपेस्ट हे इंग्लंडमध्येच बनलेले लढाऊ विमान. भारताच्या वाट्याला आलेल्या प्रकारात गोल, बोथट नाकाचे मोठे इंजीन होते. १७ सप्टेंबरला पहाटे सैन्य बीदरमध्ये शिरले आणि त्याच संध्याकाळी निजामांनी शरणागती जाहीर केली. म्हणून १७ सप्टेंबर हा आपला मुक्तिसंग्राम दिन. तीस वर्षांपूर्वी ज्या राज्याने दुसऱ्यांच्या युद्धासाठी विमाने दिली, त्या राज्यावर विमाने आली तेव्हा त्याच्याकडे त्यांना तोंड देईल असे हवाई दल नव्हते.

या दिवसांच्या कथेत आणखी एक दुःखद पान आहे, ते वगळून चालणार नाही. रझाकारांच्या अत्याचारांनी हिंदू गावे होरपळली होती आणि कारवाईनंतर सूडाच्या भरात अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांची कत्तल झाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केलेल्या पाहणीत सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा यांची नावे होती. बळींचा अंदाज सत्तावीस हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत होता. तो अहवाल लोकांना पाहायला मिळाला तो २०१३ साली. टेंपेस्टच्या चकचकीत प्रतिकृतीकडे पाहताना यातले काहीच दिसत नाही.

लाकडी विमानांच्या छंदाची मर्यादा ही अशी आहे. आकार नेमका साधतो, रंग नेमका साधतो, पण विमान कुणाच्या पैशातून आले आणि ते आले तेव्हा खाली जमिनीवर काय चालले होते, हे लाकडात कोरता येत नाही. ते शेजारी लिहावे लागते. हौशी संग्राहक प्रत्येक प्रतिकृतीखाली एक पट्टी लावतात. तिच्यावर विमानाचे नाव, तुकडीचा क्रमांक आणि वैमानिकाचे नाव असते. हैदराबादच्या नावाच्या विमानांखाली आणखी एक ओळ आली पाहिजे. ती दुसरे कुणी लिहिणार नाही. लंडनच्या संग्राहकाला मानमोडी ठाऊक नाही, सर्फ-ए-खास ठाऊक नाही. ती ओळ आपणच लिहायची आहे.

आणि हे अवघड नाही. आपल्या शाळांत सुतारकामाची आवड असलेली मुले आहेत. छात्र सेनेची पथके आहेत. गावात हात बसलेले सुतार आहेत. तीन विमाने पुरेत. १९१८चे डी. एच. ९ ए, १९४०चा स्पिटफायर आणि १९४८चे टेंपेस्ट. एकास बहात्तरच्या प्रमाणात ती तिन्ही मिळून शाळेच्या एका बाकावर मावतात. मऊ लाकडाचा एक ठोकळा, थोडी लांबी, तीन-चार रंगांच्या डब्या, एवढाच खर्च. मात्र कोरायला घेण्यापूर्वी मुलांनी आपल्या गावातल्या जुन्या माणसांना विचारावे. घरात १९१८ सालची काय गोष्ट सांगितली जायची, शेतसाऱ्याची पावती कुठे पेटीत पडलेली आहे का, १९४८च्या सप्टेंबरात आजी-आजोबा कुठे होते. तो काळ डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता फार थोडी राहिली आहेत.

मग पहिल्या विमानाखाली लिहावे : १९१८, निजामांची भेट, नांदेड, लातूर आणि इतर गावांच्या शेतसाऱ्यातून. दुसऱ्याखाली लिहावे : १९४०, पगडी निजामांची, पैसा रयतेचा. तिसऱ्याखाली सप्टेंबर १९४८ अशी तारीख घालावी आणि घरी ऐकलेली हकिकत, जशी ऐकली तशी, दोन ओळींत मांडावी. १७ सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर मुले आणि त्यांचे पालक त्या बाकाभोवती घटकाभर थांबले आणि एवढे वाचले, तरी पुरे आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)